अठरा दिवसांची आगबोट

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. दोघं कुठं कामाला आहात, घरात मटण शिजवता का, आणि पोहता येतं का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी धड ऐकलीसुद्धा नाहीत. तिसऱ्याला माझे यजमान घाईघाईनं म्हणाले, "मला येतं. हिला नाही येत."

"मंग खोली बाईंच्या जिवावर देतो," मालक म्हणाले. "पव्हता येनारा मानूस आदी उडी मारतो. न येनारा शिट्टीची वाट बघतो. आपल्याला शिट्टीची वाट बघनारी मानसं पायजेत."

ही खोली आकुर्डी स्टेशनच्या मागे होती. समुद्र तिथून पार घाट उतरून खाली कोकणात. जवळात जवळचं पाणी म्हणजे पवना, आणि उन्हाळ्यात ती गुडघ्याला लागत नसे. तरीही मालकांच्या मते समुद्राचा भरवसा देता येत नव्हता.

यजमान स्कूटरच्या कारखान्यात शिफ्टला जात. मी पिंपरीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेली ड्रॉइंगं पातळ कापडावर शाईनं गिरवायची. माझं अक्षर चांगलं होतं, एवढंच माझं भांडवल. मालक पहिल्या दिवसापासून मला 'ट्रेसरबाई' म्हणू लागले आणि शेवटपर्यंत त्यांनी माझं खरं नाव विचारलं नाही.

सगळा मोहल्ला त्यांना हवालदार म्हणायचा. ते हवालदार कधीच नव्हते, पलटणीत एक पायरी खालचे नाईक होते, आणि तेही जेमतेम. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर मुंबईहून आगबोटीनं मिसरला, म्हणजे इजिप्तला गेले, तिथून पुढे आणखी कुठं कुठं गेले, चार वर्षांनी परत आले, मग पिंपरीत वॉचमन म्हणून आयुष्य काढलं आणि त्या कमाईतून या पाच खोल्या बांधल्या. वर गच्चीवर एक खोली, तिच्यात ते आणि मालकीणबाई. गच्चीला ते 'डेक' म्हणत. आम्ही खालच्या डेकवरचे.

दर रविवारी सकाळी आठला शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की तीन मिनिटांत प्रत्येक बिऱ्हाडानं एक तरंगणारी वस्तू घेऊन अंगणात उभं राहायचं. आमच्या शेजारी ट्रकचे मेकॅनिक असलेले चाचा राहत. त्यांच्याकडे ट्रकची ट्यूब होती, त्यामुळे त्यांचा नंबर कायम पहिला. आम्ही पहिल्या रविवारी तुपाचा रिकामा डबा नेला. मालकांनी तो उलटा करून बुडाशी डोळा लावला, आत उजेडाचा ठिपका दिसला, आणि ते यजमानांना म्हणाले, "तुमी गेला." पुढच्या रविवारी मी माझा ड्रॉइंग बोर्ड नेला. त्यांनी तो बोटाच्या पेरानं वाजवला, वास घेतला. "हलकं लाकूड हाय. पास." शेजारच्या ट्यूबवाल्या चाचांनीही मान डोलावली. त्या दिवशी मला ऑफिसातल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

मालकीणबाई मात्र कधीच खाली आल्या नाहीत. मालक शिट्टीवर शिट्टी मारत. वरून आवाज यायचा, "मी बुडंन, पर भाजी करपू द्येनार न्हाई!"

मालक झोपायचे झोळीत. गच्चीवरच्या खोलीत दोन खुंट्यांना ताडपत्रीची झोळी बांधलेली होती. मालकीणबाईंनी लग्नात आलेला पलंग गोधड्या ठेवायला वापरला. चहा पिताना ते कप खाली ठेवत, पण कपावरचा तळहात काढत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टेबल कवा कुनीकडं कलंल, सांगता येत न्हाई."

त्यांच्या गोष्टी फक्त बोटीच्या. अठरा दिवसांच्या. खालच्या डेकवर माणसाच्या नाकावर माणसाची झोळी कशी, खाऱ्या पाण्यात साबणाला फेस कसा येत नाही, चहाची लाइन कशी सकाळी लागली की दुपारच्या जेवणाच्या लाइनीला जाऊन मिळायची, पाणबुडीच्या भीतीनं बिडी पेटवायचीसुद्धा कशी चोरी. "महाभारत अठरा दिसांत उरकलं," ते म्हणत, "आमी अठरा दिसांत निसते पोचलो."

आणि पोचल्यावर? कोणीही विचारावं, उत्तर ठरलेलं.

"मग लढाईत काय झालं, मालक?"

"लढाई व्हय? झाली."

"म्हणजे?"

"जिकली."

संपलं. माझ्या यजमानांना रणगाडे, बॉम्ब असलं काही ऐकायची फार हौस. दोन वर्षं त्यांनी परोपरीनं विचारून पाहिलं. दर वेळी मालक त्यांना साबणावर आणून सोडत.

मग तो पेपर आला. पुणे-लोणावळा लोकल नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. पुण्यात लष्कर भागातल्या एका संग्रहालयानं जाहीर आवाहन केलं होतं: दुसऱ्या महायुद्धात जे जवान समुद्रमार्गे गेले, त्यांच्या प्रवासाचं प्रदर्शन भरवायचं आहे, कोणाकडे वस्तू, आठवणी असतील तर कळवावं. यजमानांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मालकांनी पेपर हातात घेतला, वाचला, घडी केली आणि गच्चीवर निघून गेले. थोड्या वेळानं परत आले ते नवा सदरा घालून. "ट्रेसरबाई, कागद घ्या. लिवा. 'म्या हाय.'"

पत्रात मी थोडी भर घातली, पण मजकूर एवढाच होता.

आठवड्यानं संग्रहालयाचे सर स्कूटरवरून आले. चष्मा लावणारे, हळू बोलणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. मालकांनी ट्रंक उघडली. दोन इनॅमलचे मग, पितळी शिट्टी, झोळीचा नंबर असलेला पुठ्ठा, जीवरक्षक जाकिटातला बुचाचा तुकडा, आणि कागदात गुंडाळलेली खाऱ्या पाण्याच्या साबणाची चपटी वडी. पस्तीस वर्षांत एकदाही न वापरलेली, कारण तिचा उपयोगच नव्हता.

"लढाईतलं काही?" सरांनी भीत भीत विचारलं. "एखादं पदक?"

"व्हतं. लेकीच्या पोरानं शेळीच्या गळ्यात बांधलं."

"मग ते…?"

"शेळी इकली."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

वस्तू देण्याला मालकांची एक अट होती. वस्तूंबरोबर तेही येणार. पुढचे दोन महिने ते रोज सकाळच्या लोकलनं पुण्याला जायचे आणि संग्रहालयाच्या लोकांना हैराण करून यायचे. हॉलचं छत फार उंच आहे म्हणून त्यांनी खाली ताडपत्री ताणून घेतली; आता कोणाही सरासरी उंचीच्या माणसाला वाकून चालावं लागे. वीस झोळ्या टांगायला लावल्या. "वास पायजे," म्हणाले. सर म्हणाले, "वास कसा दाखवणार?" दुसऱ्या दिवशी मालकांनी डिझेलचं फडकं, ओलं कांबळं आणि कुजकी कांद्याची पात नेऊन कोपऱ्यात ठेवली. जमीन हलती हवी, हे मात्र सरांना पटवता पटवता त्यांनी सोडून दिलं.

वस्तूंशेजारच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. सर मजकूर पाठवायचे आणि मी बोर्डावर जाड कार्डं लावून शाईनं अक्षरं काढायची. पहिला मजकूर आला: 'आपले शूर जवान हसतमुखाने आगबोटीत चढले.' बरोबर एक फोटो.

मालकांनी तो वाचला. "हसतमुखानं! अवो, फोटूवाला हसा म्हनला म्हनून हसलो. त्यानं दुसऱ्या दिशी यायला पायजे व्हतं."

"मग काय लिहू?"

"पयल्या दिशी सगळी हसली. दुसऱ्या दिशी सगळी ओकली."

मी तसंच लिहिलं. सरांनी कार्ड बराच वेळ हातात धरलं, आणि मग स्वतःच्या हातानं फोटोखाली लावलं. तिथून पुढे सगळा मजकूर मालकांचाच झाला. एका दिवसाला एक कार्ड, अठरा दिवसांची अठरा. ते अंगणात खाटेवर बसून सांगत, मी लिहीत असे. इतकं हसत हसत मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

दहावं कार्ड झालं. "आता बारावा दिवस," मालक म्हणाले.

"अकरावा राहिला."

"त्यो ऱ्हाऊ द्या."

मी अकराव्याचं कार्ड कोरं ठेवलं. अठरा पूर्ण झाल्यावर वस्तूंची कार्डं काढली. "इनॅमलचे मग दोन आहेत. एक तुमचा. दुसरा कोणाचा लिहू?"

"जादाचा लिवा."

"जादाचा कसा असेल? पलटणीत माणशी एकच मग देत असतील ना?"

ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर अंगणात माझ्याच ड्रॉइंग बोर्डासमोर बसलेले, कोऱ्या कार्डाकडे बघत.

मग त्यांनी सांगितलं. ते मूळचे चऱ्होलीचे. भरती झाले तेव्हा त्यांच्याबरोबर गावातला त्यांचा जिवाभावाचा दोस्तही भरती झाला. एकाच बोटीत, वरखाली झोळ्या. आठव्या दिवशी दोस्ताला ताप भरला. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. कापडात शिवून, पायाशी लोखंड बांधून त्याला समुद्रात सोडला. बोट थांबली नाही. पाणबुडीच्या भीतीनं थांबता येत नव्हतं.

"सरकारचं पत्तर आदीच गावात आलं व्हतं, कामगिरीवर असताना वारला म्हनून," मालक म्हणाले. "चार सालानं म्या परत आलो. सारा गाव पारावर. त्याची बायको म्होरं उबी. आता तापानं गेला म्हनायला जीभ उचलंना. म्हनलं, लढताना गेला. पोरं इचाराया लागली, किती मारलं? म्हनलं, सात."

"सातच का?"

"तोंडात आला आकडा."

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला चऱ्होलीच्या शाळेत त्या बाईंना बोलावून नारळ देत होते. शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, सात शत्रूंना ठार मारून वीरगती पावला म्हणून. आणि इथे प्रदर्शनात अकराव्या दिवसाची जागा रिकामी होती.

"मी लढाईचं का सांगत न्हाई म्हनून समदी इचारत्यात," मालक म्हणाले. "त्याला लढाई कुटं बगाया मिळाली? त्याला हे अकराच दिस मिळालं. मंग मी बी तेवढंच सांगतो. वरचं सात दिस निसतं सोबतीला."

खरं लिहायचं तर आधी दोस्ताच्या बायकोला, म्हणजे वहिनींना सांगायला हवं, हे त्यांनाच पटत होतं. एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. "बाईमानूस आसलं की बरं." एसटीनं आळंदीच्या रस्त्याला उतरून आम्ही चऱ्होलीत गेलो. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सडपातळ, ताठ, पन्नाशी ओलांडलेल्या. मालक समोर बसले आणि दीड तास म्हशीवर बोलले. म्हैस किती दूध देते, कोणाकडून घेतली, शिंग असं वाकडं का. मग उठले, नमस्कार केला, आणि आम्ही परत आलो.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्या वेळी विहिरीवर बोलले.

"भावजींना झालंय तरी काय?" निघताना वहिनींनी मला हळूच विचारलं. "वावर घ्यायचंय का माजं?"

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा अकरावं कार्ड कोरंच होतं. गर्दी चांगली झाली. मालक दारात शिट्टी घेऊन उभे राहत. एका वेळी दहा माणसं आत, वाका, डोकं सांभाळा, चहाच्या लाइनीत उभे राहा. लाइनीच्या टोकाला चहा नव्हताच. लोक पंधरा मिनिटं उभे राहत आणि मग मालक सांगत, "आमाला बी असाच मिळायचा." पुण्याची माणसं चिडतील असं सरांना वाटलं होतं, ती पुन्हा पाहुणे घेऊन येऊ लागली. पण दहाव्या दिवसानंतर मालक घाईनं सगळ्यांना बाराव्याकडे ढकलत.

शेवटी त्यांनी मला चऱ्होलीला पाठवलं. "वैनींना म्हनावं, आगबोट बगाया बोलावलंय."

मी त्यांना घेऊन आले ती दुपारची वेळ होती, हॉल रिकामा होता. वहिनी वाकून आत आल्या. पदर नाकाला लावला, मग काढला. एकेका कार्डापुढे थांबत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचत होते. ओकण्याच्या कार्डाला त्या खुदकन हसल्या. दहाव्या दिवसापाशी आलो. मालक थांबले.

"पुढं चला की," वहिनी म्हणाल्या.

"वैनी," मालक म्हणाले, "पुढं त्यो न्हाई."

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द मागेपुढे केला नाही. मी ताडपत्रीच्या कडेला उभी होते. मला वाटत होतं, आता ही बाई खाली बसेल, नाहीतर यांच्या तोंडात मारेल.

त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी विचारलं, "पानी पाजलं का कुनी?"

"म्या पाजलं."

"समुद्राचं? खारं?"

"न्हाई. गोडं. माज्या वाट्याचं बी त्यालाच दिलं."

मग त्या म्हणाल्या, "आन् ती सात?"

"कोन सात?"

"ज्यांना मारलं ती."

"कुनी न्हाई वैनी. बंदूक बी हातात न्हवती. त्यानं कुनाला मारलं न्हाई."

"एक बी?"

"ढेकनं मारली. लय. पर मानूस न्हाई."

वहिनींचा आवाज असा चढला, की पलीकडच्या खोलीतून सर धावत आले.

"आठ पानं वाढत आले मी! दर सर्वपित्रीला! ह्यांचं एक, आन् ह्यांच्या हातनं गेल्याली सात! परमुलखातली लोकं, त्यांना कोन घास टाकनार म्हनून! तिखट सोसायचं न्हाई म्हनून त्यांच्या भाजीत मिरची कमी घालत आले! तीस वर्सं! अवो, सात कशाला म्हनला? एक म्हनायचं!"

मालक तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चुकलं."

"चुकलं म्हनं!" आणि मग एकाएकी त्यांनी एका झोळीचा दोर धरला आणि पदर तोंडावर घेतला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. दोन्ही असावं. थोड्या वेळानं पदर काढून म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्या हाताला काय लागलं न्हाई."

"न्हाई, वैनी."

"मला वाटायचं, हा मानूस कोंबडी कापायची म्हनलं तर गोठ्यात जाऊन बसायचा. त्यानं सात मानसं मारली कशी? तीस वर्सं त्यो मला वळकू येईना." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई, तुमचंच अक्षर हाय ना ह्ये? लिवा मंग. त्यानं कुनाला मारलं न्हाई, ते पयलं लिवा."

मी तिथेच टेबलावर बसून अकरावं कार्ड लिहिलं. नाव, गाव चऱ्होली, तीन दिवस ताप. 'याने कोणालाही मारले नाही.' सर म्हणाले की लष्कराच्या संग्रहालयात असं वाक्य आजवर लागलेलं नाही. मग त्यांनी खिळा आणि हातोडी आणली. दुसऱ्या मगापुढे आता दोस्ताचं नाव होतं.

त्या पंधरा ऑगस्टला वहिनींनी शाळेत नारळ घेतला आणि घेतल्यावर हेडमास्तरांना भिंतीवरची ओळ बदलायला सांगितली. हेडमास्तर म्हणाले, मुलांपुढे आदर्श हवा. वहिनी म्हणाल्या, मग ही ओळ ठेवा आणि नारळ तुम्हीच घ्या. आठ दिवसांत रंगारी आला.

पुढे थंडीत वहिनींनी एकच हट्ट धरला. समुद्र बघायचा. आम्ही पाच जण एसटीनं अलिबागला गेलो: मालक, मालकीणबाई, वहिनी, यजमान आणि मी. वाळू लागली तसे मालक मागे मागे राहू लागले. मग समुद्राकडे पाठ करून उभेच राहिले. चेहरा पांढरा पडलेला.

"मालक, काय झालं?"

"पानी बगितलं की मळमळतं," ते म्हणाले. "बेचाळीस सालापास्नं."

वहिनी चपला काढून थेट आत गेल्या, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. तिथून ओरडल्या, "भावजी, कुनीकडं?"

मालकांनी न वळता हात मागे केला आणि बोट दाखवलं. मग थोडं सरकवलं. "जरा डावीकडं!"

वहिनी त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी जोडले नाहीत. कंबरेवर हात ठेवून त्या मोठमोठ्यानं बोलू लागल्या, बाहेरगावाहून आलेल्या माणसाला घरचं सांगावं तशा. थोरल्या दिराचं लगीन झालं. सासूबाई गेल्या, हाल न होता गेल्या. चुलत्यानं वरचं वावर इकलं.

"मधलं!" पाण्याकडे पाठ करून उभे असलेले मालक ओरडले. "वरचं न्हाई, मधलं वावर इकलं!"

"मधलं इकलं," वहिनींनी समुद्राला सांगितलं, आणि पुढची हकीकत सुरू केली.